सात फुटी

४ मार्च

आज जेवताना जावईबापूंनी एकदाची बातमी बाहेर काढली, घशात अडकलेला काटा काढावा तशी. बंदराच्या गावी एक मोठा क्लब आहे. त्यांना पूल (तो टेबलावर काठीने बॉल पॉकेटात टाकायचा खेळ) शिकवणारा माणूस हवाय. पगार बेताचा, पण क्लबाच्याच माडीवर राहायला दोन खोल्या. जूनच्या शेवटी चाचणी. त्यांच्या खेळाडूशी सामना खेळायचा, जिंकला की जागा पक्की.

ठमीला हे आधीच माहीत असणार. (ठमी म्हणजे माझी एकुलती एक. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण माझ्या तोंडात हेच बसलंय.) ती ताटाकडे बघत होती आणि कान सगळा माझ्याकडे. ही कानांची देणगी तिला माझ्याचकडून मिळाली.

"वा! म्हणजे आमचे जावई आता मास्तर होणार," मी म्हणालो.

"अजून कशात काही नाही, बाबा."

"होणारच. पण सरावाचं काय? दुकान सुटल्यावर इथल्या क्लबात जाऊन असं किती खेळाल? टेबल घेऊ. घरीच. माझ्याकडून."

हिच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, हातातला डाव पातेल्यातच राहिला. ठमीने तेव्हा कुठे मान वर केली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी खिशातून साप काढून ताटाशेजारी ठेवला. बापाचं प्रेम कळायला मुलांना वेळ लागतो.

खरं ते लिहितो, इथे कोण वाचायला येतंय. छापखाना बंद पडून जावयाची नोकरी गेली तेव्हा मी दोघांना इकडे आणलं. त्यांना दुकानात गल्ल्यामागे उभं केलं, तिला तिची खोली परत दिली. घराला पुन्हा आवाज आला. आता माडीवरच्या दोन खोल्यांसाठी पोरगी बंदरावर धाडू? पण नाही म्हणायचं नाहीये मला. नाही म्हणणारा माणूस वाईट दिसतो.

९ मार्च

टेबलवाल्याकडे जाऊन आलो. एकटाच गेलो. माणूस बोलका निघाला. असे लोक मला आवडतात, त्यांच्याकडून सगळं फुकट शिकायला मिळतं.

"शेठ, सात फुटी, आठ फुटी, नऊ फुटी. लोक आधी टेबल बघतात, मग खोली. तुम्ही उलटं करा. टेबलाच्या चारी बाजूंना एक अख्खी क्यू, म्हणजे खेळायची काठी, मावेल एवढी जागा सुटली पाहिजे. नाहीतर दर फटक्याला कोपर भिंतीत."

"सामन्याला कुठलं असतं?"

"नऊ. मोठे क्लब सगळे नऊ फुटी."

"आणि एखाद्याने घरी सात फुटीवर सराव केला, न् खेळायला गेला नऊवर?"

तो हसला. "शेठ, हाताला माप लागतं. सातावर हात बसला की नऊवर बॉल वाटेतच मरतो. फार नाही, थोडाच कमी पडतो. पण या खेळात थोडा कमी पडला की खेळ खलास. घरात पोराटोरांना मजा करायला मात्र सात एकदम झकास."

टेबलाच्या कापडाखाली दगडी पाट असतो, ते मला नवीन. मी खाली वाकून तिन्ही टेबलं बोटाच्या पेराने वाजवून बघितली. आयुष्य गेलं फरशीच्या धंद्यात. डोक्यावरून फरश्या वाहिल्या तेव्हापासून आवाजावरून तडा ओळखतो. नऊ फुटीचा आवाज भरदार होता. सात फुटीचा गोड.

१० मार्च

हॉल मापला. लांबी एकोणीस फूट, रुंदी साडेचौदा. नऊ फुटी टेबल ऐटीत बसतं. टेप गुंडाळली आणि भिंतीकडे बघत बसलो.

"काय हरवलं?" ही आतून म्हणाली.

"काही नाही गं. ही भिंत फार उघडीबोडकी वाटते."

१६ मार्च

मांडणी झाली. लांबीच्या भिंतीला, जमिनीपासून छतापर्यंत, दीड फूट खोल, पक्क्या विटांची. समोरून दुकानातल्या उत्तमातल्या उत्तम फरश्यांचे नमुने. गवंड्याने काम देखणं केलंय. उचलून बाजूला सरकवता येईल असलं लाकडी काही नको, हे मी त्याला आधीच बजावलं होतं.

ही म्हणाली, "घरात दुकान कशाला आणलंत?"

"पाहुण्यांना नमुने दाखवायला."

"कुणाला दाखवायला ते आलं माझ्या लक्षात," म्हणाली आणि आत गेली. बिल्डर लोकांना जेवायला बोलावणार हे तिने बरोबर ताडलं. हुशार आहे.

आता रुंदी उरली तेरा. आठ फुटीला तेराच्या वर थोडं लागतं. तेरात सात फुटी बसतं. टेबलाबद्दल मी अजून चकार शब्द काढलेला नाही. जे बोलायचं ते टेप बोलेल.

१७ मार्च

जावईबापूंनी हॉल मापला. टेपचं दुसरं टोक धरायला मीच उभा होतो. ते आकडा वाचायचे, पुन्हा वाकून वाचायचे. आकडा काही केल्या वाढेना.

"बाबा, मांडणीचं काम जरा थांबून करता आलं असतं."

"अहो, टेबलाला एवढी जागा लागते हे मला मेल्याला काय ठाऊक! मी फरशीवाला. खेळातलं तुम्हाला कळतं." (एवढं एकच खोटं. तेही हसत बोललो.)

"गोदामात ठेवलं तर? तिथे नऊ फुटी सहज..."

"गोदामात धूळ. आठवड्यात कापडाची वाट लागेल."

ते खरंच होतं. जावईबापू अंगठ्याने टेपची कड खरवडत म्हणाले, "मग राहू दे टेबल. सात फुटीवर माझा हात बिघडेल, बाबा. मी आपला क्लबातच जात जाईन."

"राहू दे? मी टेबलवाल्याला शब्द देऊन आलोय. आणि ठमीला काय सांगू? तुझ्या नवऱ्याला सासऱ्याचा पगार चालतो, पण वस्तू चालत नाही?"

हे मी अगदी हसत, पाठीवर हात ठेवून म्हणालो. त्यांचे कान लाल झाले. "तसं नाही, बाबा."

"मग झालं तर."

१९ मार्च

दुपारी त्यांच्या खोलीतलं ऐकू आलं. मी जिन्यात चप्पल शोधत होतो. कान काही बंद करून ठेवता येत नाहीत.

ठमी : "तू जाऊन सांग, नको म्हणून. आत्ताच्या आत्ता."

जावईबापू : "एवढ्या प्रेमाने घेतायत गं."

ठमी : "प्रेमाने! कोण बांधतं रे हॉलमध्ये विटांचं कपाट? तुला दिसत नाही का?"

जावईबापू : "दिसतंय."

ठमी : "मग?"

जावईबापू : "त्यांच्या घरात राहतो आपण."

ठमी : "म्हणून तर जायचंय ना इथून! हे बघ, आज नाही म्हणालास तर मी तुझ्याबरोबर कुठेही येईन. बंदरावर नाही जमलं तर दुसरीकडे, भाड्याच्या एका खोलीत राहू. पण आज नाही म्हण."

जावईबापू : "मी बघतो."

मला चप्पल सापडली. पोरगी तापट आहे, माझ्यावर गेलीय. निवळेल. जावई मात्र गुणी मिळाला. दुसरा कुणी असता तर खाली येऊन वाद घातला असता.

२ एप्रिल

टेबल आलं. सात फुटी, हिरवं कापड, पाय नक्षीचे. पॉकेटं मी मुद्दाम जरा मोठ्या तोंडाची मागून घेतली. माणसाचा हुरूप वाढला पाहिजे. जावईबापूंनी पहिला बॉल मारला आणि तो पडला. दुसरा मारला, पडला. कसाही मारा, पडतोच! मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी क्यू भिंतीला टेकवून ठेवली आणि "सुंदर आहे, बाबा," असं म्हणाले. आवाज फुटक्या फरशीसारखा आला. भारावले असतील.

ठमी बाहेर आलीच नाही. डोकं दुखत होतं म्हणे.

२१ एप्रिल

सध्या रात्री दुकान बंद करायची जबाबदारी मी जावईबापूंवर टाकलीय. विश्वासाचं काम. त्यामुळे क्लबात जायला वेळ उरत नाही, पण घरी टेबल आहेच. रविवारी मी व्यापारी मित्रांना बोलावतो. सगळे हौशी, क्यू झाडूसारखी धरतात. त्यांच्याशी जावईबापू खेळतात. आज कमानवाल्याने (त्याचा व्यवसाय संगमरवरी कमानींचा) विचारलं, "काय हो, तुम्ही घरजावई, त्यातून खेळाडू. सकाळी लवकर उठायची भानगडच नाही!" सगळे हसले. मीही हसलो. जावईबापू हसले तेव्हा जरा उशीर झाला होता, सगळ्यांचं हसून झालं होतं.

१२ मे

एक गंमत लक्षात आली. महिन्यापूर्वी त्यांच्या फटक्याचा आवाज "ठाक्" असा यायचा. आता "टक" येतो. मऊ, नेमका, घरगुती. डोळे मिटून सांगतो, हात बसला.

त्यांनाही कळलंय बहुतेक. काल मी वर्तमानपत्र वाचत होतो. ते एकटेच टेबलाच्या कडेपासून दोन पावलं मागे सरकले. तिथे आणखी टेबल आहे असं समजून हवेतच लांब फटका मारत होते. मागे सरताना क्यूचं बूड मांडणीवर आपटलं, एका नमुन्याच्या फरशीचा टवका उडाला. "माफ करा, बाबा." मी म्हणालो, "अहो, फरशीचं काय एवढं, दुसरी लावू. हात लागला का?"

ठमी दारात उभी होती. फरशीकडे बघितलं तिने, नवऱ्याकडे नाही.

२९ जून

चाचणी झाली. गाडी मीच चालवली. यांना एकट्यांना कसं पाठवायचं? ठमी मागे बसली, खिडकीला डोकं लावून. ही आली नाही. मी विचारलंही, तर म्हणाली, "मला बघायचं नाही." हरण्याची भीती बायकांना फार.

क्लब चांगला आहे. उंच छत, खिडक्यांतून समुद्र. माडीवरच्या दोन खोल्याही सेक्रेटरींनी दाखवल्या. रिकाम्या, स्वच्छ, फरशी मात्र भिकार. ठमी एका खोलीत जाऊन मधोमध उभी राहिली. मग हात दोन्ही बाजूंना पसरले, एवढंच. काय मापत होती कुणास ठाऊक.

सामना पाच डाव आधी जिंकणाऱ्याचा. टेबल नऊ फुटी. जावईबापूंचा पहिला लांब फटका. "टक" ऐकलं आणि मला कळलं, पोहोचत नाही. बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, दारापर्यंत येऊन कडी न वाजवता थांबलेल्या पाहुण्यासारखा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. त्यांच्या गड्याने ते एकेक उचलून आत टाकले, जेवणानंतर ताटं उचलावीत तसे. बघता बघता तीन डाव गेले. सेक्रेटरी घड्याळाकडे बघायला लागले. मी प्रत्येक फटक्याला टाळ्या वाजवत होतो. आमच्याकडून कुणी तरी वाजवायला हव्यात.

मग काय झालं कळलं नाही. जावईबापू क्यूला खडू लावत बराच वेळ उभे राहिले, टेबलाला एक फेरी मारली, वाकले, आणि "ठाक्". एप्रिलमधला आवाज! बॉल अख्खं टेबल पार करून पॉकेटच्या मागच्या चामड्यावर आदळला. हात परत आला होता. एक डाव, दुसरा, तिसरा, चौथा. सेक्रेटरी खुर्चीत पुढे सरकून बसले. समोरचा गडी घाम पुसत होता. त्यानेही एक डाव काढला. चार-चार.

ठमी माझ्या शेजारीच होती. तोंडावर मूठ दाबून. डोळे असे की मी ते तिच्या लहानपणानंतर बघितलेच नव्हते. टाळ्या वाजवायचं माझं राहूनच गेलं.

शेवटच्या डावात टेबलावर पाडायचा एकच बॉल उरला. सरळसोट, पण लांबचा. तो पडला की झालं. जावईबापू वाकले.

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "जोर लावा, जावईबापू! हे काही आपल्या घरचं टेबल नाही!"

हशा पिकला. ते फटका सोडून सरळ उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा वाकले. जोर लावला. बॉल पडला, आणि त्याच्या मागोमाग, ज्याने बाकीचे मारायचे तो, पांढराही गेला, सरळ त्याच पॉकेटात. पांढरा आत गेला की डाव समोरच्याचा.

मी अगदी मनापासून ओरडलो होतो. प्रोत्साहन म्हणतात त्याला.

परतताना गाडीत मीच बोलत होतो. म्हटलं, "अहो, आपलं दुकान काय कमी आहे? गोदामावर माणूस हवाच होता." जावईबापू म्हणाले, "हो, बाबा." आरशात ठमी दिसत होती. रडत वगैरे नव्हती. नवऱ्याकडे बघत होती, सबंध वाटभर, ग्राहक परत करायला आणलेली फरशी बघतो, तशी.

१४ जुलै

घर शांत आहे. ठमीला वळणही लागलंय. आधी नवऱ्याशी अरे-तुरे करायची, आता "अहो, तुम्ही" म्हणते. मी हिला म्हणालो, "बघ, नवऱ्याला मान द्यायला लागली." ही भांडं घासत होती ते घासतच राहिली.

आज रविवारची मंडळी आली होती. जावईबापू खेळायला टाळाटाळ करत होते. ठमी स्वतः चहा घेऊन आली, ट्रे ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "खेळा ना. तुमच्याच मापाचं टेबल आहे. बाबांनी शिंप्यासारखं बेतून आणलंय."

कमानवाला चहा सांडेपर्यंत हसला. "अहो सात फुटी, चला या आता!" नाव पडलंच. मंडळी जाईपर्यंत सगळे सात फुटीच म्हणत होते. ठमीही म्हणाली. जीभ काय तिखट आहे पोरीची! अगदी माझीच.

जावईबापू खेळले. हरले. कमानवाल्याशी.

११ ऑगस्ट

आज मजा झाली. सकाळी मी आणि जावईबापू एक डाव टाकत होतो. (हल्ली मी जिंकतो. माझाही हात बसला बघा.) फोन वाजला. ठमीने उचलला. बंदरावरचे सेक्रेटरी. त्यांचा आवाज दणदणीत, त्यात मी फोनच्या बाजूला, म्हणून शब्द न् शब्द ऐकू आला; जावईबापू पलीकडे खडखडाट करत पॉकेटांतले बॉल काढत होते. ज्याला घेतलं होतं तो सोडून गेला. तुमच्या मिस्टरांचे ते चार डाव आम्ही विसरलो नाही. आता चाचणी वगैरे नको, पहिल्या तारखेला सरळ सामान घेऊन या.

माझा हात क्यूवर तसाच राहिला. आता काय करावं, मला सुचेना. खरंच सुचेना. पहिल्यांदाच.

ठमी म्हणाली, "ते आता खेळत नाहीत." आणि फोन ठेवला.

जावईबापूंनी विचारलं, "कुणाचा होता?"

"बंदरावरून. जागा रिकामी आहे, या म्हणत होते. मी नाही सांगितलं."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही बाबांना विचारायला गेला असतात," ती म्हणाली. अगदी शांतपणे, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी. "तेवढे तुमचे कष्ट वाचवले."

जावईबापूंनी क्यू जागेवर ठेवली, बॉल एकेक करून चौकटीत लावले, आणि दुकानाची वेळ झाली म्हणून गेले. फोन जवळच होता. चाचणी नाही, काही नाही, उलट फिरवायचा फक्त. फिरवला नाही.

मला एक शब्दही बोलावा लागला नाही. पोरीने स्वतःहून ठरवलं, इथेच राहायचं. एवढं सुख मला धंद्यात कधी मिळालं नाही.

२५ ऑगस्ट

ही बहिणीकडे गेलीय. दोन-चार दिवस म्हणून गेली, लांबलंय. करमत असेल तिकडे.

ठमी आज आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली. केवढ्या दिवसांनी! म्हणाली, "बाबा, वरची अडगळीची खोली मला दे. राहायला."

"दोघांना पुरेल का ती?"

"दोघांना नको. एक पलंग बसला की झालं."

"का? जावईबापू घोरतात की काय?" मी गंमत केली.

"हो," ती म्हणाली.

चालायचंच. आमचीही झोप वेगळीच असते. जावईबापू त्यांच्या खोलीत राहतील, ती वर. सगळे एकाच छपराखाली. मी लगेच टेप काढली आणि दोघं वर गेलो. तिने दुसरं टोक धरलं, लहानपणी धरायची तसं. सगळं माप होईपर्यंत हलली नाही. फरशी कुठली लावू विचारलं, तर म्हणाली, "तूच ठरव, मला काही फरक पडत नाही." पांढरी लावतो. उजेड राहील.

पूर्वेच्या भिंतीला हात लावून म्हटलं, "इथे खिडकी काढू? लांबवर दिसेल."

"खिडकी नको," म्हणाली.

बरंच झालं म्हणा. सलग भिंत मिळाली की फरशीला तुकडे करावे लागत नाहीत. गवंडी गुरुवारी येतोय.